फार्गोचा श्वास आणि अश्वशक्तीचा हिशेब

कुर्ला पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्गावरून किरोळ रस्त्याकडे वळले की कोहिनूर सिटीच्या इमारती दिसू लागतात. या जागी एकेकाळी प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता, हे तेथील नव्या रहिवाशांना ठाऊक असेलच असे नाही. वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने १९४४ साली स्थापन केलेल्या या कंपनीने अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी करार केला आणि १९४७ पासून कुर्ल्यात मोटारींची व ट्रकांची जुळणी सुरू झाली. पुढे फियाट आणि पद्मिनी या मोटारींनी कारखान्याचे नाव घरोघरी नेले, त्यामुळे येथून डॉज आणि फार्गो या नावांचे ट्रकही बाहेर पडत असत, ही गोष्ट काहीशी झाकोळून गेली. जुन्या वाहतूकदारांना मात्र फार्गोचे लांब नाक आणि त्याच्या बॉनेटखाली घुमणारे सहा सिलिंडरचे पर्किन्स इंजिन अजून आठवते.

पर्किन्स पी-६ हे इंजिन मूळचे इंग्लंडमधील. ते तेथे १९३७ साली बाजारात आले आणि पुढे आपल्याकडे मद्रासच्या सिम्पसन कंपनीत बनू लागले. पेट्रोलवर चालणाऱ्या ट्रकातील इंजिन काढून त्या जागी हे डिझेल इंजिन बसवण्याची पद्धत जगभर रूढ होती. ‘मॉडिफाय केलेला ट्रक’ हा प्रकार आजच्या हौशी तरुणांनी शोधून काढला, असे समजण्याचे त्यामुळे कारण नाही. मालकाला कमी खर्चात जास्त माल ओढायचा असतो, चालकाला घाटात गिअर कमी वेळा बदलायचे असतात आणि मिस्त्रीला आपल्या हाताची करामत दाखवायची असते. या तिघांच्या गरजेतून ट्रकची ‘पिकअप’ वाढवण्याचा उद्योग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. कुर्ला ते कलिना पट्ट्यातील सीएसटी रस्त्यावर सुट्या भागांची दुकाने आणि गॅरेजे यांची जी दाटी आहे, तेथे या विद्येचे जाणकार आजही भेटतात.

प्रश्न असा की, काम झाल्यावर ताकद खरोखर वाढली हे ठरवायचे कसे? चालकाचा पाय आणि कान हे दोन्ही फसवे साक्षीदार आहेत. सायलेन्सर मोकळा केला की आवाज वाढतो आणि आवाज वाढला की ताकद वाढल्याचा भास होतो. ॲक्सिलरेटरच्या दांड्याची जोडणी थोडी बदलली तर पाय जरासा दाबताच इंजिन उसळते. प्रत्यक्षात कमाल ताकद जिथल्या तिथेच असते. या भासाला छेद देणारे यंत्र म्हणजे डायनॅमोमीटर, गॅरेजच्या बोलीत ‘डायनो’.

या यंत्रामागील कल्पना साधी आहे. फिरणाऱ्या चाकाला अडवायचे, अडवण्यासाठी किती जोर लागतो ते मोजायचे आणि त्याच वेळी चाक मिनिटाला किती फेरे घेते तेही मोजायचे. फ्रेंच अभियंता गास्पार द प्रोनी याने १८२१ साली लाकडी ठोकळे शाफ्टला आवळून हा प्रयोग केला. आपल्याकडील अभियांत्रिकी पदविकेच्या विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत दोरी आणि स्प्रिंगचा काटा घेऊन केलेला ‘रोप ब्रेक’चा प्रयोग हा त्याचाच धाकटा भाऊ. १८७७ साली विल्यम फ्रूड याने ठोकळ्यांऐवजी पाण्याचा अडथळा वापरला, त्यामुळे मोठी जहाजी इंजिनेही मोजता येऊ लागली. आता बहुतेक ठिकाणी विद्युतचुंबकाने अडवणारी यंत्रे असतात: लोखंडी चकती चुंबकीय क्षेत्रात फिरते, तिच्यात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उत्पन्न होतात आणि तेच तिला मागे खेचतात.

डायनो अश्वशक्ती थेट मोजत नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. तो फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क मोजतो आणि फेरे मोजतो. अश्वशक्ती हा त्या दोहोंचा गुणाकार असतो. न्यूटन-मीटरमधील टॉर्कला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणून ९५४९ ने भागले की किलोवॅट मिळतात. पी-६ इंजिनाची युद्धोत्तर काळातील नोंदलेली कमाल शक्ती २४०० फेऱ्यांना ८३ अश्वशक्ती, म्हणजे सुमारे ६२ किलोवॅट. उलटा हिशेब केला तर त्या क्षणी इंजिनाचा जोर साधारण २४६ न्यूटन-मीटर असतो. चढणीवर मालाने भरलेला ट्रक ओढला जातो तो या जोराच्या बळावर. जाहिरातीत मात्र अश्वशक्तीचाच आकडा मोठ्या अक्षरांत छापला जातो.

इंजिन गाडीतून उतरवून चाचणी-मंचावर बसवले तर त्याची शुद्ध शक्ती कळते. पण त्याला दिवस मोडतात आणि खर्च होतो. म्हणून दुसरा मार्ग रोलरचा. ट्रकची मागची चाके जमिनीच्या पातळीवर बसवलेल्या जाडजूड रोलरांवर चढवतात, चासी साखळ्यांनी किंवा पट्ट्यांनी चारही बाजूंनी जखडतात, रेडिएटरसमोर मोठा पंखा लावतात आणि गाडी उभ्या जागी धावू लागते. पट्टा तुटला तर काही टनांचा ट्रक समोरच्या भिंतीवर जाईल, याचे भान ठेवून ट्रकच्या पुढे कोणीही उभे राहायचे नसते. ही सूचना फलकावर लिहिलेली असते आणि बहुधा पाळली जात नाही.

चाचणी अशा गिअरमध्ये करतात ज्यात गिअरबॉक्समधून शक्ती सरळ जाते, म्हणजे आत येणारे आणि बाहेर पडणारे फेरे सारखे असतात. तरीही चाकाशी पोहोचणारी शक्ती इंजिनापेक्षा कमीच भरते. गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, क्राउन-पिनियन, बेअरिंगे, त्यांतील घट्ट तेल आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रोलरवर दबणारे दुहेरी टायर, प्रत्येक जण आपला वाटा उचलतो. ढोबळमानाने हा वाटा १५ ते २० टक्के धरतात. म्हणजे ८३ अश्वशक्तीच्या निरोगी इंजिनाचा ट्रक रोलरवर ६६ ते ७० अश्वशक्ती दाखवील. येथेच पहिली चलाखी संभवते. काही जण चाकाशी मोजलेल्या आकड्यात मनाने २० किंवा २५ टक्के मिळवून ‘इंजिनाची शक्ती’ जाहीर करतात. आधीच्या चाचणीत १५ टक्के आणि नंतरच्या चाचणीत २५ टक्के मिळवले की गाडीला हात न लावता ताकद वाढते! तेव्हा चाकाशी मोजलेला आकडा चाकाशी मोजलेल्या आकड्याशीच ताडून पाहावा, हे उत्तम.

दुसरी खोच रोलरच्या जातीत आहे. अमेरिकेत हौशी लोकांमध्ये लोकप्रिय असलेला एक प्रकार निव्वळ जड पिंपाचा: गाडी ते पिंप किती झपाट्याने फिरवते त्यावरून संगणक शक्ती काढतो. हलक्या मोटारीला आणि पेट्रोलच्या पिकअपला हे चालते. मालवाहू डिझेल ट्रकला मात्र काही सेकंदांची धाव फारसे सांगत नाही. घाटात तो एकाच वेगाने पाच-दहा मिनिटे पूर्ण जोर लावत असतो. म्हणून त्याला ठरावीक फेऱ्यांवर धरून ठेवणारा, अडवणारा रोलर हवा. १२००, १४००, १६०० अशा पायऱ्यांनी २४०० पर्यंत जायचे आणि प्रत्येक पायरीवर इंजिन स्थिरावू द्यायचे. पाण्याचे व एक्झॉस्टचे तापमान कोठे चढत जाते आणि धूर कोठे काळा होतो, हे तेव्हाच दिसते.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. फार्गोच्या या इंजिनाला टर्बोचार्जर नाही. हवा ढकलून आत भरणारा पंप त्याच्यापाशी नाही. पिस्टन खाली जाताना जी पोकळी होते, तिच्यात बाहेरच्या वातावरणाचा दाब जेवढी हवा लोटील तेवढीच त्याची. माणसासारखेच ते आपल्या छातीच्या बळावर श्वास घेते. अशा इंजिनाला किती ताकद शक्य आहे, याचा हिशेब कागदावर मांडता येतो आणि तो मांडून पाहण्याजोगा आहे.

पी-६ च्या सहा सिलिंडरांचे मिळून आकारमान ४.७३ लिटर. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतला जातो. म्हणजे २४०० फेऱ्यांना मिनिटात १२०० वेळा. तत्त्वतः ५६७६ लिटर हवा आत यावी. पण फिल्टर, नळ्या आणि व्हॉल्व्ह यांच्या अडथळ्यातून साधारण ८५ टक्केच येते, असे धरू. म्हणजे सुमारे ४८०० लिटर. मुंबईच्या उन्हाळी दमट हवेचे वजन घनमीटरला १.१३ किलोच्या आसपास असते. तेव्हा इंजिनाच्या पदरात मिनिटाला सुमारे ५.४५ किलो हवा पडते. डिझेल इंजिनात एक किलो इंधन धुराविना नीट जाळायचे तर व्यवहारात सुमारे २० किलो हवा लागते. म्हणजे मिनिटाला पाव किलोपेक्षा थोडे अधिक, ०.२७ किलो डिझेल जाळता येईल. त्यातील उष्णता १९० किलोवॅटच्या आगेमागे भरते आणि तिच्यापैकी एक तृतीयांशाच्या जरा आत शाफ्टवर मिळते: साधारण ६१-६२ किलोवॅट, म्हणजेच ८३ अश्वशक्तीच्या घरात. निर्मात्याने दिलेल्या आकड्याशी हा हिशेब येऊन भिडतो. अर्थात यातील काही अंदाज आपण सोयीने निवडले आहेत. तरीही हवा किती हे कळले की ताकद किती याला वेसण बसते, एवढे यातून स्पष्ट होते.

डॉज हेच नाव धारण करणारा एक अमेरिकी ट्रक या हिशेबाशेजारी ठेवला तर गंमत वाटेल. २००४ साली आलेल्या डॉज रॅम एसआरटी-१० या पिकअपमध्ये ८.३ लिटरचे, दहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन होते. तेही टर्बोविना, स्वतःच श्वास घेणारे. त्याची शक्ती ५६०० फेऱ्यांना ५०० अश्वशक्ती. कुर्ल्याच्या ट्रकाहून सहापट! ही सहापट आली कोठून? आकारमान पावणेदोनपट, फेरे सव्वादोनपटीहून थोडे अधिक, म्हणजे हवा सुमारे चौपट. उरलेला दीडपटीचा वाटा इंधनाचा. पेट्रोल हवेत आधीच मिसळलेले असल्याने आत आलेली जवळजवळ सर्व हवा कामी लावता येते आणि १३ किलो हवेमागे एक किलो पेट्रोल घालता येते. डिझेल सिलिंडरमध्ये अगदी शेवटच्या क्षणी फवारले जाते. हवेच्या कानाकोपऱ्यापर्यंत पोहोचायला त्याला वेळ नसतो, म्हणून काही हवा न वापरता सोडून द्यावी लागते. या ट्रकांपैकी एकात जादू आणि दुसऱ्यात उणीव आहे, असे मुळीच नाही. दोघेही आपापल्या हवेपुरते जगतात.

मिस्त्री ज्याला ‘पंप वाढवणे’ म्हणतात ती करामत या हिशेबाच्या उजेडात तपासावी. डिझेल पंपावर कमाल इंधनाची मर्यादा ठरवणारा एक स्क्रू असतो. कारखान्यातून किंवा अधिकृत कॅलिब्रेशननंतर त्यावर सील लावलेले असते. सील तोडून स्क्रू थोडा फिरवला की प्रत्येक फवाऱ्यात डिझेल जास्त जाते. रोलरवर पहिल्या पाव फेऱ्याला काही अश्वशक्ती वाढलेली दिसते, कारण न वापरलेल्या हवेपैकी थोडी कामी येते. पुढच्या पाव फेऱ्याला वाढ नाममात्र उरते, धूर मात्र करड्याचा काळा होतो. त्यापुढे आलेखाची रेघ आडवी पडते. हवाच शिल्लक नसल्याने जादा डिझेल अर्धवट जळते आणि काजळी होऊन बाहेर पडते. एक्झॉस्टचे तापमान चढते, पिस्टनच्या माथ्याला चटके बसतात, तेल काळे व पातळ होते. मालकाने पंपाला दिलेले पैसे, दर फेरीला जळणारे जादा डिझेल आणि काही महिन्यांनी येणारा इंजिनकामाचा खर्च, या तिन्हींची बेरीज गॅरेजच्या पावतीवर कधीच एकत्र दिसत नाही.

हवा वाढवणारी कामे कोणती, ती अधिक मोलाची. चोंदलेला एअर फिल्टर बदलणे, दबलेली एक्झॉस्ट नळी सरळ करणे, व्हॉल्व्ह बसवून टॅपेटची फट नेमकी लावणे, झिजलेल्या रिंगांमुळे गेलेले कॉम्प्रेशन परत आणणे, नोझलची फवारणी व टायमिंग दुरुस्त करणे. यांतील बहुतेक कामांनी नवी ताकद येत नाही. हरवलेली परत मिळते. रोलरवर ५५ अश्वशक्ती दाखवणारा थकलेला ट्रक दुरुस्तीनंतर ६७ वर आला, तर ‘बावीस टक्के वाढ’ अशी बढाई मारायला वाव असतो खरा, पण तो ट्रक नवा असताना तेवढाच होता. त्यापुढे जायचे तर मोठे व्हॉल्व्ह, घासून गुळगुळीत केलेल्या वाटा, वेगळा कॅमशाफ्ट, असे महागडे मार्ग आहेत. शर्यतीच्या गाडीला ते शोभतात. माल वाहणाऱ्या जुन्या डिझेलला त्यातून जे मिळते ते वरच्या फेऱ्यांवर, म्हणजे जेथे त्याचे काम फारसे नसतेच.

चाचणीचा दिवस आणि वेळ यांनाही महत्त्व आहे. जानेवारीच्या पहाटे मुंबईतील तापमान १८ अंश असेल आणि मेच्या दुपारी ३४, तर नुसत्या उष्णतेने हवा पाच टक्क्यांनी विरळ होते. दमटपणा त्यात आणखी एखाद्या टक्क्याची भर घालतो, कारण वाफेने व्यापलेली जागा प्राणवायूच्या हिशेबातून वजा होते. हा फरक काढून टाकण्यासाठी मोजलेला आकडा प्रमाणित हवामानात नेऊन मांडतात: २५ अंश तापमान आणि ९९ किलोपास्कल कोरड्या हवेचा दाब. आपण वर धरलेल्या मेच्या दुपारी त्यामुळे आकडा सुमारे चार टक्क्यांनी वर नेता येतो. पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेल्या ‘एआरएआय’ या संस्थेसारख्या ठिकाणी तर समुद्रसपाटीपासूनची उंचीही हिशेबात धरावी लागते. पुण्याचा हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी कमी असतो.

डिझेलच्या बाबतीत या दुरुस्तीत एक बारकावा आहे आणि घाटात ट्रकच्या मागे अडकलेल्या प्रत्येकाने तो नाकाने अनुभवला आहे. खोपोलीहून बोरघाट चढून सुमारे ६२० मीटर उंचीवरील लोणावळ्याला पोहोचेपर्यंत हवा सात टक्क्यांनी कमी झालेली असते. जुन्या यांत्रिक पंपाला याची खबर नसते. तो कुर्ल्यात जेवढे डिझेल देत होता तेवढेच लोणावळ्यातही देतो. त्यामुळे ताकद थोडीच घटते, पण धूर पुष्कळ वाढतो. प्रमाणित सूत्रातही म्हणूनच डिझेलची दुरुस्ती इंधनाच्या प्रमाणानुसार कमी-जास्त होते. मैदानात सीमेवर लावून ठेवलेला ‘वाढवलेला’ पंप घाटात हमखास सीमा ओलांडतो.

धुराचा हा विषय मुंबईला नवा नाही. वाहनांच्या धुराविरुद्ध नागरिकांनी केलेल्या याचिकेवर १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिले. तत्कालीन परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. डिझेल टॅक्सी सीएनजीवर नेण्याचा मार्ग तेथून खुला झाला. ट्रकांसाठी पीयूसीची चाचणी आहे. पण ती होते उभ्या गाडीवर, भाराविना. ॲक्सिलरेटर एकदम दाबून इंजिनाला उसळी मारायला लावतात आणि धुराची घनता मोजतात. भारत स्टेज-४ च्या आधीच्या डिझेल वाहनांना मर्यादा ६५ हार्ट्रिज एककांची, स्टेज-४ ला ५० ची. इंजिन त्या क्षणी फक्त स्वतःच्या फिरत्या भागांचे वजन ओढत असते. घाटात पूर्ण भारावर मिनिटामागून मिनिटे तो काय ओकतो, हे त्या एका उसळीतून पुरते कळत नाही. रोलरवर भार देऊन केलेली चाचणी ते दाखवू शकते. म्हणूनच ताकद मोजणाऱ्या यंत्राकडे धूर मोजणारे यंत्र म्हणूनही पाहिले पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कुर्ल्यातील अरुंद रस्त्यांवर वाहनांच्या रांगेला लागून राहणाऱ्यांच्या दृष्टीने दुसरे मोजमाप पहिल्याइतकेच निकडीचे आहे.

कायद्याची बाजूही नजरेआड करता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात असलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. व्हॉल्व्ह बसवणे किंवा फिल्टर बदलणे ही दुरुस्ती आहे. इंजिन बदलणे हा परवानगीचा विषय आहे. २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या खासगी वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीची जी सोय झाली, तीतही इंजिनात वा चासीत मोठे फेरफार केलेल्या वाहनाला स्थान नाही. जुन्या गाड्या जपणाऱ्यांनी ‘परफॉर्मन्स’च्या मोहात पडण्यापूर्वी हे पाहून ठेवावे.

चाचणी करवून घ्यायचीच असेल तर मिळणाऱ्या कागदावर काय काय असावे, हे आधी ठरवून घेणे बरे. काम करण्यापूर्वीची आणि नंतरची चाचणी एकाच रोलरवर व्हावी, शक्य तर एकाच दिवशी. प्रत्येक वेळी किमान तीन धावा घ्याव्यात. कोणता गिअर, टायरमध्ये किती हवा, सुरुवातीला इंजिनाचे तापमान किती, खोलीतील तापमान, दाब व आर्द्रता किती, हे लिहिलेले असावे. कोणत्या प्रमाणानुसार दुरुस्ती केली आणि दुरुस्तीआधीचा कच्चा आकडा काय होता, तोही असावा. कमाल अश्वशक्तीच्या एका आकड्यावर समाधान न मानता १२०० ते २४०० फेऱ्यांपर्यंत टॉर्कची सबंध रेघ मागून घ्यावी. चढणीवरचे काम तिच्या डाव्या अर्ध्यात चालते. शेवटी प्रत्येक पायरीवर पूर्ण भाराच्या वेळी मोजलेला धूर. हा रकाना बहुतेक कागदांवर छापलेलाच नसतो. तो हाताने आखून, मिस्त्रीकडून भरून घेतल्याखेरीज पैसे चुकते करू नयेत.